हिमरूचे समोसे

दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या कष्टांबद्दल लिहा, तरुण मुलींना प्रेरणा मिळेल." मी म्हटलं, बाई, मी जन्मभर बसून काम केलं. बसून केलेल्या कामातून कुणाला प्रेरणा मिळत नाही, मिळालीच तर मूळव्याध मिळते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कोरे कागद काढून माझ्यासमोर ठेवले आणि चहा न घेताच गेल्या. म्हणून लिहिते आहे. प्रेरणेची हमी नाही.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण गोधडी म्हटलं की लोक मान डोलवतात आणि मायेच्या उबेबद्दल काहीतरी पुटपुटतात. ऊब चिंध्यांची असते. मायेचा त्यात फारसा हात नसतो. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक पसरायची आणि धावदोरा घालत घालत ते सगळे थर एकजीव करायचे, की झाली गोधडी. ते काम आमच्या दुकानात रझियाआपा करायची. माझ्याकडं कडा. साध्या गोधडीच्या कडेला नुसती पट्टी दुमडून मारतात, तिला मगजी म्हणतात. पण गिऱ्हाईक शौकीन असलं, लेकीच्या लग्नातली किंवा बाळंतविड्यातली गोधडी असली, की त्यांना कडेला समोसे लागायचे.

खायचे नव्हेत. कापडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, कर्णावर दुमडायचा, परत एकदा दुमडायचा. छोटा त्रिकोण होतो. त्याचं एका अंगाचं तोंड उघडं राहतं, त्यात शेजारच्या समोशाचं टोक सरकवायचं. त्याच्या तोंडात त्याच्या शेजारच्याचं. अशी चारी बाजूंनी रांग लावायची, समोशांची कच्ची कड गोधडीच्या थरांत दडवायची आणि टाके घालायचे. बाहेर फक्त टोकं राहतात, करवतीच्या दातांसारखी. वाचायला सोपं आहे. करायला बसलात की कोपरा येतो आणि रडू येतं. कोपऱ्यावर दोन समोसे एकमेकांना खेटून उभे राहिले पाहिजेत. एकमेकांवर चढले तर गुठळी होते, लांब राहिले तर म्हाताऱ्याचा दात पडल्यासारखं दिसतं. म्हणून मी चारी कोपरे आधी लावून घ्यायची आणि जी काय मापाची चोरी करायची ती मधल्या रांगेत करायची. बघणारा माणूस गोधडीचा कोपरा धरूनच बघतो. मधे कुणीही बघत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक असायची. एका वकिलांनी पायाकडचे समोसे काढून टाकायला लावले होते, कारण रात्री तळव्यांना गुदगुल्या होतात आणि ते झोपेत हसतात म्हणून बायको संशय घेते. वेरूळ बघायला आलेल्या एका गोऱ्या बाईनं गोधडी घेतली आणि भिंतीला टांगणार म्हणून सांगितलं. आपा तेव्हा मला म्हणाली, "इसकू बोल, दीवार को थंडी नहीं लगती." मी काही बोलले नाही. बाई पैसे मोजत होती.

दुकान औरंगपुऱ्यातल्या एका बोळात होतं. शेजारी वह्या-पुस्तकांचं दुकान, समोर चष्मेवाला. आत दोन बायका मांडी घालून बसू शकतील आणि तिसरी आली तर पहिलीनं पाय पोटाशी घ्यावेत एवढी जागा. रझियाआपा माझ्याहून मोठी, अंगानं काटकुळी, तोंडात कायम पान. तिचे अब्बा हिमरू विणायचे. हिमरू म्हणजे आमच्या औरंगाबादचं जुनं राजेशाही कापड, सुती ताण्यावर रेशमाची वेलबुट्टी, मधेमधे जर. निजामाच्या काळात जहागीरदार, अंमलदार त्याच्या शेरवान्या शिवायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शेरवानीवाले कुणी पाकिस्तानात गेले, कुणी घरातच बसले, आणि आपाच्या अब्बांचा माग थांबला. मग ते रजया शिवायला लागले, मुलगीही शिकली. आपा हे सांगताना कधी रडली नाही. म्हणायची, "अब्बा बोलते थे, पहले लोगां हमारा कपडा पहनके अकडते थे, अब ओढके सोते. सोनेवाले अच्छे."

आता त्या गोष्टीकडं येते.

हिवाळा तोंडावर आलेला होता. दुकानासमोर एक रिक्षा थांबली आणि तीतून एक म्हातारी उतरली. नऊवारी सुती लुगडं, कपाळ मोकळं, पाठ ताठ. मागून गड्यानं एक बोचकं उचलून आणलं. तिनं त्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि स्वतः उंबऱ्यात बसली. दौलताबादच्या पलीकडं एका गावात त्यांचा मोठा वाडा होता, जमीनजुमला होता. सगळे त्यांना आक्कासाहेब म्हणायचे. नवरा गेल्याला वर्ष होत आलं होतं. नवऱ्याला त्या मालक म्हणायच्या, मेल्यावरसुद्धा.

"समोशाची गोधडी तुम्हीच करता नं?" त्यांनी विचारलं.

"मी कडा करते. गोधडी आपा करते."

"मंग दोघी बघा." त्यांनी बोचकं सोडलं. आत त्यांची जुनी लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. आपानं बोटांनी चाचपून मान हलवली. गोधडीच्या पोटात घालायला याहून चांगलं कापड नाही. लुगड्यांच्या खाली मलमलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. आक्कांनी ते उलगडलं आणि बोळातला उजेड आत आल्यासारखं झालं.

हिमरूची शेरवानी. जांभळ्या रंगावर सोनेरी बदामाच्या बुट्ट्या, एक धागा ढळलेला नाही. गुडघ्याखालपर्यंत लांब, घेर भरपूर.

"माझी लुगडी पोटात घाला," आक्का म्हणाल्या, "अन् कडेला हिचे समोसे करा. चारी बाजूंनी."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. "आक्कासाहेब, शेरवानी कापायची?"

"मंग काय न कापता दुमडती का तू?"

"मालकांची आठवण असेल," मी म्हटलं. "पोरंबाळं घालतील कधी."

आक्का हसल्या. "आठवण! बाई, ही शेरवानी मालकांनी सुभेदारीत मुजऱ्याला जायला शिवली होती. पोलीस ॲक्शनच्या वेळी भारताची फौज आली म्हणून ऐकलं अन् हिला कणगीत ज्वारीखाली पुरली. दुसऱ्या दिशी खादीची टोपी घालून वेशीत हार घेऊन उभे. लोक शांत झाले, तशी परत काढली. लग्नात घातली, सत्काराला घातली. हिला कडुलिंबाचा पाला घालायचा मी, ऊन दाखवायचं मी, अन् बोट लावलं तर ओरडायचे. आता बोलायची सोय राहिली नाय त्यांना. कापा."

मी आपाकडं बघितलं. तिनं पान थुंकलं, तोंड पुसलं आणि शेरवानीचं आतलं अंग उलटून बघितलं.

"आपा, हे तुमच्याकडचं का?" मला वाटलं, तिच्या अब्बांनी विणलेलं असावं.

"हमारा नहीं है," ती म्हणाली. "पर किसी के तो अब्बा ने बुना. मैं नहीं काटती. आप दुसरा दुकान देखो, अम्मा."

"दुसऱ्या दुकानात समोसे नीट होत नायत. मी बघून आले," आक्का म्हणाल्या. त्यांनी बोचकं तिथंच ठेवलं, गड्याला हाक मारली आणि रिक्षात बसून गेल्या. ही घरंदाज बायकांची पद्धत. नाही म्हटलेलं त्यांना ऐकूच येत नाही.

त्या गेल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, कापड त्यांचं, नवरा त्यांचा, आपण कोण? आपा म्हणाली, "तेरे को क्या मालूम, एक बालिश्त बुनने को कितना टाइम लगता. दो आदमी दिनभर बैठते, तब हथेली इतना होता." मी म्हटलं, मग तो जांभळा मुडदा पेटीत सडू दे का? ती मला म्हणाली, तू कसाई आहेस. मी तिला म्हटलं, तू कबरीवरची मुजावर आहेस. चष्मेवाला उठून बघायला आला. आपानं बुरखा घेतला आणि भर दुपारी घरी निघून गेली.

मीही हट्टाला पेटले. शेरवानी उसवायला घेतली. उसवताना बघते तर उजव्या बगलेत शिवण फाटलेली आणि आतून कुणीतरी पोत्याच्या सुतळीसारख्या जाड दोऱ्यानं ती टाचलेली. शिंपी असं कधी करणार नाही. घरातल्याच कुणाचा तरी उद्योग. मी मनात हसले आणि पुढं गेले. पाठीचा भाग काढला, चौकोन आखले, कात्री घातली.

आणि हिमरूनं माझी इभ्रत काढली. त्याच्या मागल्या बाजूला रेशमाचे धागे सुटे धावत असतात. कात्री लागली की ते मोकळे होतात. पहिला चौकोन मी दुमडेपर्यंत त्याच्या झिपऱ्या झाल्या. दुसरा दुमडला तर टोक बोथट, समोसा कसला, भजं झालं. तिसऱ्याची बुट्टी हातात विरघळली. सुती कापडावर माझा हात असा चालायचा की लोक बघत उभे राहायचे, आणि इथं मी ओठ चावत बसले होते, समोर जांभळ्या चिंध्या.

दुसऱ्या दिवशी आपा आली. म्हणाली, पानाचा डबा विसरले होते. डबा तिच्या कमरेलाच होता. तिनं चिंध्या बघितल्या आणि मला ज्या शिव्या दिल्या त्या या अंकात छापता येणार नाहीत. मग खाली बसली.

"काटना ही है तो ढंग से काट ना. कपडे की बेइज्जती कायको करती?"

तिनं मला तांदळाची पातळ खळ करायला लावली. उरलेल्या हिमरूला मागून हलक्या हातानं खळ फासली, त्यावर जुनी मलमल चिकटवली, फळीवर सावलीत वाळवली. तिचे अब्बा नमुने कापताना असं करायचे. कापड कागदासारखं ताठ झालं. मग एकेक बुट्टी बरोबर टोकाशी येईल असं मी आखलं आणि कात्री आपाच्या हातात दिली. तिनं "बिस्मिल्ला" म्हटलं आणि कापलं. डोळे तिनं मिटले होते का, ते मला माहीत नाही. मी माझे मिटले होते.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे आहेत, पण सांगून कळणार नाहीत. आपा लुगड्यांचे थर शिवत होती, मी समोसे दुमडत होते. सगळ्या समोशांच्या टोकाशी एकेक सोनेरी बदाम. चष्मेवाला रोज काहीतरी निमित्त काढून येऊन बघून जायचा. एरवी दिवसभर बडबडणाऱ्या आम्ही दोघी त्या दिवसांत गप्प असायचो. मी सुरुवातीला म्हटलं की मायेचा हात नसतो. तो नव्हताच. पण माज होता. दोघींनाही चढला होता.

तीन बाजू झाल्या आणि चौथी चालू असताना नानासाहेब आले.

नानासाहेब म्हणजे आक्कांचा थोरला मुलगा. चाळिशीचा, पोट सुटलेलं, दुपारच्या उन्हातही गळ्याला मफलर. जीपमधून उतरून बोळातून चालत येईपर्यंत त्यांना धाप लागली होती. मागं दोन कार्यकर्ते.

"शेरवानी कुठंय?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

माझ्या मांडीवरच होती ती, म्हणजे तिचं उरलंसुरलं.

"परवा मला जिल्हा परिषदेचा फॉर्म भरायचाय," ते म्हणाले. "वडलांची शेरवानी घालून मिरवणुकीनं जायचं ठरलंय. चार गावची जुनी माणसं, हिंदू असो मुसलमान असो, ती शेरवानी बघितली की हात जोडतात. पेटी उघडली तर पेटी रिकामी. गडी म्हणतो, आईनं इथं दिली धुवायला."

"धुवायला नाही," मी म्हटलं.

"मंग?"

आपानं गोधडीचा कोपरा उचलून त्यांच्या पुढं धरला. नानासाहेबांनी तो हातात घेतला. बराच वेळ त्यांना कळलंच नाही. मग कळलं. कार्यकर्त्यांपैकी एकानं "अरारारा" असा आवाज काढला.

"परत शिवा," नानासाहेब म्हणाले.

"काय?"

"हे सगळं उसवा अन् परत जोडा. जशी होती तशी. परवापर्यंत."

"नानासाहेब," मी म्हटलं, "हे आता समोसे आहेत. त्याची शेरवानी होत नाही."

"मी पोलिसात जाईन. चोरी म्हणून लिहून देईन. या बोळात दुकान राहणार नाय तुमचं!" बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. मफलर तोंडाला लावून ते खोकत राहिले. बोळात गर्दी जमली. आपाचा चेहरा पांढरा पडला होता. मुसलमान बाईच्या दुकानात बड्या घरची चीज कापलेली सापडली, म्हणजे पुढं काय काय होऊ शकतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती माझ्या कानाशी हलकेच म्हणाली, "सुलू, कैंची मैंने चलाई, ऐसाच बोलना. तेरे बच्चे छोटे हैं."

मी तिचा हात धरला. दुसरं काही करता आलं नाही.

आक्का तेवढ्यात कशा आल्या, हे मला नंतर कळलं. गड्यानं नानासाहेबांना सांगून टाकल्यावर तो घाबरून आक्कांकडं गेला आणि आक्का मिळेल त्या टेम्पोत बसून मागोमाग निघाल्या. टेम्पो कोथिंबिरीचा होता. त्या गर्दीतून आत शिरल्या तेव्हा लुगड्याला पानं चिकटलेली होती.

"काय रे नाना, बायामाणसांच्या दुकानात येऊन ओरडतो?"

"आई, तू काय करून ठेवलंस! आप्पांची शेरवानी!"

"माझ्या घरातली. मी दिली. मी सांगितलं, कापा. पोलीस आणायचा तर माझ्यासाठी आण."

"अगं, मला घालायची होती ती!"

"आली असती का अंगात?"

नानासाहेबांनी मफलर सैल केला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "एकदा घातली होती. आप्पा गेले तेव्हा."

"मंग?"

"बगलेत फाटली. मीच शिवली."

मला त्या जाड दोऱ्याचं कोडं सुटलं. गर्दीत कुणीतरी हसलं. आक्का हसल्या नाहीत. त्या दुकानात येऊन मुलाच्या समोर बसल्या. मी पाय पोटाशी घेतले.

"नाना, तुला हा मफलर कशानं लागला, ठाऊक हाय का?"

"दमा हाय मला. लहानपणापासनं."

"लहानपणापासनं कसा? जन्मला तवा नव्हता." आक्का गोधडीकडं बघत बोलत होत्या. "जालन्याहून लग्नावरून येत होतो. दमणीत. पुसाचे दिवस. तू तान्हा, माझ्या पदराखाली. वारं असं की बैलांच्या डोळ्यांतून पाणी. तुझे हात निळे पडले. मालकांच्या मांडीवर ही शेरवानी होती, मलमलीत गुंडाळून. लग्नात मिरवून झाली होती, अंगात दुसरा कोट होता. मी म्हटलं, द्या, लेकराला गुंडाळते. मला म्हणाले, हिमरूला दुधाचा वास लागंल."

आक्कांनी एका समोशाच्या टोकावरून बोट फिरवलं.

"घरी येईस्तोवर तुला छातीचा डबा झाला होता. छाती अशी भात्यासारखी. वैदू झाले, सिव्हिल झालं. जगलास. पण छाती गेली ती गेलीच. अन् मी जन्मभर हिला पाला घातला, ऊन दाखवलं, कसर लागू दिली नाय. आता म्हातारपणी मला थंडी वाजती. एवढंच. तू पाहिजे तर तुझ्या बापाच्या नावानं मत मागायला जा, पण शेरवानी मी पांघरणार."

नानासाहेब खाली बसले. बसले म्हणजे धपकन बसले, मगजीच्या पट्ट्यांवर. आपानं पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते, कारण मोठ्या माणसाचा चेहरा मधेच लहान झाला की बघवत नाही.

रिकामा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "मंग मी फॉर्म भरायला काय घालू?"

"कापडं घाल," आक्का म्हणाल्या. "नागडा जाऊ नको, म्हंजे झालं."

पहिल्यांदा आपा हसली. मग आक्का. मग बोळातली सगळी गर्दी. कार्यकर्ते हसावं की नाही म्हणून नानासाहेबांकडं बघत होते. नानासाहेबांनी मफलर तोंडावर ओढला आणि त्याच्या आत ते हसत होते की दुसरं काही, ते कुणाला दिसलं नाही. उठताना त्यांनी आपाला विचारलं, "बटणं आहेत का?" शेरवानीची चांदीची बटणं आपानं चिंधीत बांधून ठेवली होती. ती त्यांनी घेतली. पांढऱ्या सदऱ्याला लावून फॉर्म भरला, असं ऐकलं.

निवडणुकीत ते पडले. आक्कांचं मत असं पडलं की शेरवानीत असता तरी पडलाच असता, फक्त पडताना जरा शोभला असता.

गोधडी पूर्ण झाली. मी शेवटचा कोपरा लावला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला कोपरा होता, आणि हे मी नम्रपणे सांगत नाही. दोन्ही बदाम एकमेकांना असे भेटले की मधून दोरा जाणार नाही. आपानं आतल्या बाजूनं एक टाका आपल्या हातानं घातला. विचारलं तर म्हणाली, "बुननेवाले के नाम का." हिमरूची एकही चिंधी तिनं टाकू दिली नव्हती, माझ्या त्या भज्यांसकट सगळी गोधडीच्या पोटात घातली.

एका गोष्टीची हुरहुर आहे. ती गोधडी मला पुन्हा दुकानात पसरून बघायची होती, उन्हात, नीट. गाडी आली आणि गड्यानं तिची वळकटी करून नेली. आम्हां कारागिरांचं हे असंच. गिऱ्हाईक नेतं तो क्षण आला की आपण पैसे मोजायच्या निमित्तानं खाली बघतो. पुढं मगजीला मीटरनं विकत मिळणारी झालर आली, मशीनवर शिवलेले समोसे आले, सगळे एका मापाचे, शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे. माझे डोळे गेले, आपाचे गुडघे गेले. ती चिकलठाण्याला लेकीकडं राहायला गेली. कंपनीत जाणारा जावई आहे तिचा. भेटले की तो मला विचारतो, आप दोनो बैठके करते क्या थे? आपा म्हणते, "झगडते थे."

पण त्याच्या आधी, त्याच हिवाळ्यात, संक्रांतीनंतर, आम्ही दोघी एसटीनं आक्कांच्या गावी गेलो होतो. त्यांनीच निरोप धाडला होता. वाड्याच्या मागं अंगणात ऊन होतं. आक्का बाजेवर आडव्या, अंगावर गोधडी, हनुवटीपर्यंत ओढलेली. उन्हात बदाम चमकत होते. शेजारी नानासाहेब खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. आम्हाला बघून उठले, दुसरी बाज ओढून दिली, आणि चहाचं बघतो म्हणून आत गेले.

"कशी आहे गोधडी?" मी विचारलं. अशा वेळी लोक म्हणतात तसं काहीतरी त्या म्हणतील, म्हणून मी डोळे आधीच ओले करून ठेवले होते.

"टोचती," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"लई टोचती. ही बघ." त्यांनी हनुवटी वर केली. सुरकुतलेल्या गळ्यावर लाल ओरखडे होते. "जर हाय नं. रात्रभर कुरतडती."

मी खजील झाले. आपानं लगेच पिशवीतून सुई आणि मऊ मलमलीची पट्टी काढली. "अम्मा, इधर गले के पास पट्टी लगा देती मैं. दस मिनट का काम."

"नको नको." आक्कांनी गोधडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "हात लावू नको. टोचती, पण अशी झोप लागती म्हणून सांगू! लगीन झाल्यापासनं कधी लागली नाय अशी."

एवढं बोलून त्यांनी गोधडी पार डोक्यावरून ओढून घेतली. आम्ही पाहुण्या, लांबून आलेल्या, समोर बसलेल्या. थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज यायला लागला, चांगला बैलगाडीच्या चाकासारखा. आपा सुई हातात धरून तशीच बसली होती. मग तिनं ती पट्टीत टोचली, पट्टीची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"चल सुलू, जरा उधर सरक," ती म्हणाली आणि उन्हाकडं पाठ करून बसली. "चाय आने तक अपन भी लेटते."